गणिताच्या अंगणातील प्राणी

एखादे खेळणे आपोआप चालू लागले म्हणजे लहान मुलाला जो आनंद होतो, तोच त्याच्या वडिलांनाही होत असतो. वडीलमंडळी तो बोलून दाखवीत नाहीत, एवढेच. उतरत्या फळीवर ठेवताच डुलत डुलत खाली येणारी लाकडी बाहुली असो, की चावी दिलेला पत्र्याचा बेडूक असो, निर्जीव वस्तूने पाऊल उचलले की माणसाचे कुतूहल जागे होते. हे चालते तरी कसे, असा प्रश्न मनात उभा राहतो. परंतु उत्तर शोधण्यासाठी खेळणे उघडावे, तर ते बहुधा मोडते. आणि नवे करून पाहावे, तर लाकूड, पत्रा, हत्यारे आणि कारागिराचा सराईत हात ही सारी सामग्री लागते. ती सर्वांच्या घरी कोठून असणार?

ह्या अडचणीतून संगणकाने एक वाट काढून दिली आहे. पडद्यावर एक रिकामे अंगण उघडते. त्यात दगड ठेवला तर तो खाली पडतो, चेंडू टाकला तर उसळतो, पाणी ओतले तर उताराकडे वाहते. फळ्या, चाके, बिजागऱ्या, स्प्रिंगा आणि मोटारी हव्या तितक्या घ्याव्यात आणि हवे ते जोडून पाहावे. मोडले तर पुसून टाकावे, पुन्हा मांडावे. अशा अंगणात हौशी मंडळी चालणारे, सरपटणारे, उड्या मारणारे यांत्रिक प्राणी घडवीत असतात. मुले संगणकापुढे बसून वेळ फुकट घालवितात, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते आणि ती पुष्कळदा खरीही असते. म्हणूनच हा विशिष्ट खेळ नेमका काय आहे आणि त्यातून काय हाती लागते, हे पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

अंगणाची मांडणी

अशा आज्ञावलींपैकी एक पुष्कळ प्रसिद्ध आहे. तिचा जन्म स्वीडनच्या उत्तर भागातील उमिओ विद्यापीठात झाला. एमिल एर्नरफेल्ट ह्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर अभ्यासाचा प्रकल्प म्हणून ती लिहिली आणि २००८ साली 'फन' ह्या नावाने ती लोकांपुढे आली. पुढे त्याच गावातील 'अल्गोरिक्स' ह्या संस्थेने तिला 'अल्गोडू' असे नाव देऊन शाळांसाठी वाढविले.

ह्या अंगणाला लांबी आणि उंची आहे. खोली मात्र नाही. कागदावर चित्र काढावे तशा आकृती काढावयाच्या, आणि खेळ सुरू करण्याची कळ दाबली की त्या आकृतींना वजन येते. प्रत्येक वस्तूची घनता, घर्षण आणि उसळण्याचा गुण आपल्याला ठरविता येतो. गुरुत्वाकर्षण व हवेचा विरोध ही तर बटणे दाबून चालू किंवा बंद करता येतात. शाळेच्या पुस्तकात 'हवेचा विरोध नाही असे समजा' हे वाक्य येते, तेव्हा मुलाला ते समजावे लागते. येथे ते डोळ्यांनी पाहावयास मिळते.

ह्या जातीच्या खेळाचे आणखी एक थोरले भावंड होते. २००० साली लंडनच्या 'सोडा' ह्या संस्थेतील एड बर्टन ह्यांनी 'सोडाकन्स्ट्रक्टर' नावाची आज्ञावली तयार केली. तिच्यात फळ्या नव्हत्या की चाके नव्हती. होते ते केवळ ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा. त्यांपैकी काही स्प्रिंगांना स्नायू करता येत असे. एका लाटेच्या तालावर हे स्नायू आखडत व सैल पडत, आणि त्या तालाने ठिपक्यांचा तो सांगाडा चालू लागे. एवढ्या अल्प साहित्यातून लोकांनी गोगलगायीपासून अनेक पायांच्या किड्यांपर्यंत असंख्य प्राणी घडविले.

पाऊल म्हणजे काय?

चालणे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात काही कठीण आहे, असे वाटतच नाही. पांगुळगाडा धरून उभे राहणाऱ्या मुलाला मात्र ते ठाऊक असते. यांत्रिक प्राणी घडविणाऱ्यालाही तोच अनुभव येतो.

समजा, आपण एका आडव्या फळीला मोटारीने फिरणारे चाक बसविले आणि त्या चाकाच्या कडेला एक काठी ताठ बांधून तिला पाय म्हटले. पायाचे टोक चाकाबरोबर वर्तुळात फिरेल. वर्तुळाचा तळ म्हणजे केवळ एक बिंदू. त्यामुळे प्राण्याचे धड प्रत्येक पावलाला वर उचलले जाते आणि धपकन खाली येते. असे धड घेऊन प्राणी चार पावलेही नीट जात नाही. चांगल्या पावलाची वाट निराळी असते: जमिनीवर असताना पाय सरळ रेषेत मागे सरकला पाहिजे, नंतर वर उचलला जाऊन झटकन पुढे आला पाहिजे. ह्या वाटेचा आकार खाली सपाट आणि वर फुगीर असा असतो.

फिरत्या चाकातून सरळ रेषा कशी मिळवावी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील यंत्रविद्येचा मोठा प्रश्न होता. रशियन गणिती पाफ्नुती चेबिशेव ह्यांनी त्याचे एक सुंदर उत्तर दिले आणि १८७८ सालच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्यांचे चालणारे यंत्र ठेवण्यात आले होते. त्यांची जोडणी आजही कोणालाही पडद्यावर मांडता येईल. तिची मापे अशी: फिरणारा छोटा दांडा १ माप, त्याच्या आसापासून दुसऱ्या आसापर्यंतचे अंतर २ मापे, दुसऱ्या आसावर झुलणारा दांडा अडीच मापे, आणि ५ मापांचा एक लांब दांडा, ज्याचे एक टोक छोट्या दांड्याला व मध्य झुलत्या दांड्याला खिळविलेला आहे. ही जोडणी दोन्ही आस तळाशी ठेवून उभी केली आणि छोटा दांडा फिरविला, म्हणजे लांब दांड्याचे वरचे मोकळे टोक अर्धा फेरा जवळजवळ अगदी सरळ रेषेत ४ मापे सरकते आणि उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात वरून कमान घेऊन मूळ जागी परतते.

आता अशा दोन सारख्या जोडण्या एकाच गतीने फिरवून त्यांच्या टोकांना एकच ताठ चौकट खिळविली, तर ती चौकट न कलंडता तीच वाट चालते. पाय त्या चौकटीला खाली लटकवावयाचे. दुसरी चौकट अर्धा फेरा मागे ठेवली की एक चौकट जमिनीवर असताना दुसरी हवेत असते, आणि धड न उसळता पुढे जाते. अंगणाला खोली नसल्यामुळे दोन्ही चौकटी एकमेकींवर आपटण्याचा संभव असतो. त्यासाठी त्यांना निरनिराळ्या थरांवर ठेवण्याची सोय आज्ञावलीत असते.

तोल, जोर आणि घर्षण

जोडणी बिनचूक झाली तरी प्राणी चालेलच, असा भरवसा नाही. तीन गोष्टी त्याची परीक्षा घेतात.

पहिली गोष्ट तोल. प्राण्याचा गुरुत्वमध्य टेकलेल्या पायांच्या मधल्या जागेवर राहिला पाहिजे. डोक्यावर हांडा घेऊन चालणारी बाई हे शास्त्र न शिकताच जाणते. आपला प्राणी पुढे कोसळत असेल, तर मागच्या बाजूस थोडे वजन लावावे, किंवा पाय पुढे सरकवावेत. पाय हलके आणि धड जड ठेवणे सामान्यतः हितावह असते. कारण पाय वारंवार थांबवून पुन्हा वेगाने फेकावा लागतो, आणि जड पायाच्या जडत्वाशी झगडण्यातच मोटारीचा जोर खर्च होतो.

दुसरी गोष्ट जोर. नवशिक्याला वाटते, मोटार जितकी बलवान तितके बरे. परंतु धडावर बसविलेली मोटार पायाला एका दिशेने फिरविते, तेव्हा तेवढ्याच जोराने ती धडालाही उलट दिशेने फिरवीत असते. न्यूटनचा तिसरा नियम येथे मूर्तिमंत उभा राहतो: प्राणी उभ्या जागी कोलांटी घेतो! म्हणून मोटारीच्या जोरावर मर्यादा घालावी लागते.

तिसरी गोष्ट घर्षण. ते कमी असेल, तर पाय तेल सांडलेल्या फरशीवर घसरावेत तसे घसरतात. फार असेल, तर पुढे येणारे पाऊल किंचित टेकताच अडखळते. प्रत्येक प्राण्याला मानवेल असे माप चाचपडूनच सापडते.

जमलेला लहान प्राणी मोठा करावा, असा मोह हटकून होतो, आणि तेथे बहुतेकांची फजिती होते. दोन मितींच्या ह्या जगात प्राण्याची लांबी व उंची दुप्पट केली, तर वजन चौपट होते. त्यातच दांडेही दुप्पट लांब झालेले असतात, म्हणून मोटारीला आठपट पीळ लावावा लागतो. आपल्या तीन मितींच्या जगात वजन आठपट आणि लागणारा पीळ सोळापट होईल. मोठ्या आकाराच्या प्राण्याची हाडे नुसती प्रमाणात मोठी असून भागत नाही, ती अधिक जाड असावी लागतात, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगितले होते. हत्तीचे पाय खांबासारखे आणि हरणाचे काडीसारखे का, हे कळण्यास ही एक फजिती पुरते.

संगणकाचा काळ

ह्या अंगणात अधूनमधून चमत्कार घडतात. शांत उभा असलेला प्राणी एकाएकी थरथरू लागतो आणि त्याचे अवयव चहू दिशांना उधळतात. वेगाने मारलेली गोळी भिंतीला न शिवता पलीकडे जाते. ह्यात भुताटकी नाही. आपला काळ अखंड वाहतो. संगणकाचा काळ तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकतो. प्रत्येक सेकंदाचे, उदाहरणार्थ, ६० तुकडे करून तो प्रत्येक तुकड्यात सर्व वस्तूंच्या जागा नव्याने काढतो. गोळी एका तुकड्यात भिंतीच्या अलीकडे असते आणि पुढच्या तुकड्यात पलीकडे. मधला क्षण संगणकाने पाहिलेलाच नसतो. अतिशय ताठ स्प्रिंगेचेही तसेच. एका तुकड्यात ती जरुरीपेक्षा अधिक सरकते, पुढच्या तुकड्यात ती चूक सुधारताना त्याहून अधिक उलट सरकते, आणि चूक वाढत वाढत स्फोट होतो. काळाचे तुकडे अधिक बारीक केले की हे प्रकार कमी होतात, मात्र संगणकाला श्रम अधिक पडतात.

जे पडद्यावर दिसते ते निसर्गाचे काळजीपूर्वक काढलेले चित्र आहे आणि चित्राला मर्यादा असतात, ही जाणीव ह्यातून मुलांना होते. धरणांच्या व पुलांच्या रचनेपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत आज कितीतरी कामे अशाच गणिती चित्रांच्या आधारे चालतात. त्यांवर कितपत विसंबावे, हे ज्याला कळते तोच त्यांचा चांगला उपयोग करू शकतो.

संगणकच कारागीर होतो तेव्हा

प्राणी माणसानेच घडविला पाहिजे, असेही नाही. अमेरिकेतील कार्ल सिम्स ह्यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ठोकळ्यांच्या प्राण्यांचे आराखडे संगणकाकडून यदृच्छया तयार करविले. कोण अधिक वेगाने पोहतो, चालतो वा उंच उडी मारतो, ह्याची परीक्षा घेतली. उत्तम प्राण्यांचे आराखडे ठेवून, त्यांत थोडे फेरफार करून आणि त्यांची आपसांत सरमिसळ करून पुढची पिढी जन्मास घातली. एकेका पिढीत सुमारे ३०० प्राणी आणि अशा शंभरएक पिढ्या. ३२ प्रक्रियक असलेल्या त्या वेळच्या बलाढ्य संगणकालाही ह्या कामास सुमारे तीन तास लागत. अखेरीस सापासारखे वळवळत पोहणारे आणि वल्ह्यांसारखे अवयव मारणारे प्राणी निपजले. त्यांची आकृती कोणीही काढून दिलेली नव्हती.

ह्या प्रयोगातील सर्वांत बोधप्रद भाग म्हणजे संगणकाने शोधलेल्या पळवाटा. वेगाने जाणाऱ्याला बक्षीस, असा नुसता नियम केला, तर उंच वाढून धाडकन आडवे पडणे हीसुद्धा एक युक्ती ठरते. पडताना वेग मिळतोच! म्हणून सिम्स ह्यांना प्राणी आधी जमिनीवर पडून स्थिर होऊ द्यावा लागे आणि मगच शर्यत सुरू करावी लागे. गणितात कोठे बारीकशी चूक राहून फुकटची ऊर्जा मिळत असेल, तर ती चूक हे प्राणी शोधून काढल्याशिवाय राहत नाहीत, असेही त्यांनी नमूद केले. नियम ढिला असला की त्याचे शब्द पाळून हेतू चुकविणारा कोणीतरी निघतोच, हे आपण व्यवहारात पाहतो. यंत्रालाही तोच न्याय लागू पडावा, हे विचार करण्याजोगे आहे. आज अनेक निर्णय संगणकाकडे सोपविले जात असताना, आपण त्याच्याकडे नेमके काय मागतो, हे तपासून घेण्याची गरज ह्या ठोकळ्यांच्या प्राण्यांनी तीस वर्षांपूर्वीच दाखवून दिली होती.

पडद्यावरून वाळूवर

पडद्यावर चाललेला प्राणी खऱ्या जमिनीवर चालेल काय? ह्याचे सर्वांत मनोहर उत्तर नेदरलँड्सच्या समुद्रकिनाऱ्यावर मिळते. हेग शहराजवळील श्खेवेनिंगेन येथे १९४८ साली जन्मलेले आणि डेल्फ्ट येथे भौतिकी शिकलेले कलावंत थेओ यान्सन १९९० सालापासून वाऱ्यावर चालणारे 'किनाऱ्यावरचे प्राणी' घडवू लागले. विजेच्या तारांवर घालण्याच्या साध्या प्लॅस्टिकच्या नळ्या हे त्यांचे मुख्य साहित्य. पायातील नळ्यांची लांबी किती असावी, हे त्यांनी संगणकालाच विचारले. संगणकाने १,५०० पाय यदृच्छया कल्पिले, त्यांतील उत्तम १०० निवडले, आणि त्यांपासून पुढच्या पिढ्या घडविल्या. आठवडेच्या आठवडे, किंबहुना महिनेच्या महिने, संगणक अहोरात्र चालू होता. त्यातून निघालेल्या ११ आकड्यांना यान्सन 'पवित्र आकडे' म्हणतात. त्या मापांचा पाय वाळूवरून इतका सरळ सरकतो की कित्येक मीटर लांबीचा सांगाडा हेलकावे न घेता किनाऱ्यावरून चालत जातो. त्यात मोटार नाही की वीज नाही.

दुसरे उत्तर थोडे सावध आहे. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात हॉड लिप्सन आणि जॉर्डन पोलॅक ह्यांनी २००० साली संगणकात उत्क्रांत झालेले प्राणी त्रिमितीय छपाईने प्लॅस्टिकमध्ये उतरविले. माणसाने केवळ मोटारी बसवून दिल्या. ते प्राणी खरोखरच सरपटले. तथापि, एकाची चाल पडद्यावरील चालीशी जवळजवळ जुळली, तर इतरांची पुष्कळच कमी पडली. त्यांचे पाय खऱ्या जमिनीवर घसरत होते. गणिताच्या अंगणात आणि खऱ्या अंगणात असलेले हे अंतर आजही यंत्रमानव घडविणाऱ्यांना भरून काढावे लागते.

घरी काय करावे?

ज्या घरी संगणक आहे, तेथे हा खेळ सुट्टीच्या दिवशी सर्वांनी मिळून खेळता येईल. सुरुवात प्राण्यापासून करू नये. प्रथम एक फळी आणि एक टेकू घेऊन तराजू करावा. मग लंबक, मग दोन चाकांची गाडी, आणि त्यानंतर एका पायाची जोडणी. पायाच्या टोकाला वाटेची खूण उमटविणारी लेखणी लावली, म्हणजे त्याची वाट पडद्यावर रेखली जाते आणि दोष कोठे आहे ते लगेच दिसते. एका वेळी एकच माप बदलावे आणि काय झाले ते वहीत टिपून ठेवावे. दोन मापे एकदम बदलली, तर गुण कशाने आला हे कळत नाही. औषधे तपासणारे वैद्य आणि बियाणे तपासणारे कृषिशास्त्रज्ञ हाच नियम पाळतात.

संगणक नसला तरी अडत नाही. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, टाचण्या आणि पेन्सिल एवढ्या साहित्यावर चेबिशेव ह्यांची जोडणी अर्ध्या तासात तयार होते. लांब पट्टीच्या टोकाला भोक पाडून त्यात पेन्सिल धरावी आणि छोटी पट्टी फिरवावी. सरळ रेषा कागदावर आपोआप उमटते. पडद्यावर जमलेली जोडणी मुलाने एकदा तरी पुठ्ठ्यात करून पाहावी, असा आमचा आग्रह आहे. बोटांना लागणारे घर्षण, सैल खिळीचा खडखडाट आणि वाकणारा पुठ्ठा ह्यांचे ज्ञान पडद्यावर मिळत नाही.

मूल पडद्यापुढे किती वेळ बसले, हे घड्याळ सांगते. ते तेथे काय करीत होते, हे मात्र त्याच्याशेजारी बसल्यावाचून कळत नाही. कोणीतरी रचलेली करमणूक पाहत राहणे निराळे, आणि आपला प्राणी विसाव्या वेळी का कोसळला ह्याचे कारण शोधीत बसणे निराळे. हे अंगण कोणाची भीड धरीत नाही की कोणावर रागावत नाही. तोल चुकला की प्राणी पडतो; तोल साधला की चालतो. एखाद्या संध्याकाळी आपल्या मुलाने वा मुलीने 'बाबा, बघा, चालला!' अशी हाक मारली, तर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून अवश्य पाहावयास जावे, आणि तो कसा चालला हे तिच्याकडून नीट समजावून घ्यावे.